डीएमआयटी: बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारी चाचणी करून घ्यावी का?

पूर्वप्राथमिक शाळांचे मेळावे, अबॅकसचे क्लास, करिअर मार्गदर्शनाची शिबिरं, सोसायटीतले स्टॉल. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत डीएमआयटी पालकांसमोर येते ती बहुतेक अशाच ठिकाणी. पूर्ण नाव डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकात टाकायचे आणि त्याची ‘जन्मजात’ बुद्धी, स्वभाव, शिकण्याची पद्धत आणि पुढचं करिअर सांगणारा जाडजूड रंगीत अहवाल पालकांच्या हाती ठेवायचा, असं तिचं स्वरूप. शुल्क काही हजारांत. नावं वेगवेगळी असली तरी आतला माल जवळपास एकच, म्हणून हा आढावा कोणा एका विक्रेत्याचा नाही, या सेवेचा आहे. निकाल आधीच सांगतो: पैसे देऊ नका. का देऊ नयेत, आणि मुलाच्या अभ्यासाची खरोखर काळजी असेल तर त्याऐवजी काय करावं, ते पुढे सविस्तर.

चाचणीत नेमकं काय होतं

प्रत्येक बोट स्कॅनरवर तीनदा टेकवतात: मधून, डावीकडून, उजवीकडून. त्याला कारण आहे. ठशाचा मधला गाभा आणि कडेचा संगम, म्हणजे तीन दिशांनी आलेल्या रेघा जिथे भेटतात तो बिंदू, हे दोन्ही सापडले तरच त्यांच्यामधल्या रेघा मोजता येतात. शंखाला एक संगम असतो, चक्राला दोन, साध्या कमानीला एकही नाही, म्हणून कमानीची रेघसंख्या शून्य धरतात. संगम बऱ्याचदा बोटाच्या अगदी कडेला असतो. बोट नीट फिरवलं नाही तर चक्राचा दुसरा संगम सुटतो आणि नोंद शंखाची होते. लहान मुलांच्या रेघा बारीक, त्यात मूल चुळबुळ करतं, ठसा पुसट येतो. आधारसाठीसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. डीएमआयटीचं गिऱ्हाईक मात्र बालवाडीपासूनच धरलं जातं.

बोटांनंतर तळहात. तर्जनीखालचा, करंगळीखालचा आणि मनगटाजवळचा असे तीन संगम जोडून जो कोन होतो त्याला एटीडी कोन म्हणतात. कोन लहान तर मूल चटकन शिकणारं, मोठा तर सावकाश शिकणारं, असं अहवाल सांगतो. हा कोन बोटं किती फाकवली, तळहात किती दाबला यावर बदलतो आणि वाढत्या वयात तळहात लांबतो तसा थोडा कमीही होतो. चार वर्षांच्या मुलाचा कोन दहा वर्षांच्या भावापेक्षा मोठा आला, तर त्यातला काही भाग केवळ वयाचा असतो.

पुढे प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडलेलं असतं. अंगठा म्हणजे कपाळामागचा सर्वांत पुढचा भाग, तर्जनी त्याच्या मागचा, मधलं बोट माथ्याचा, अनामिका कानाजवळचा आणि करंगळी डोक्याच्या मागचा, दृष्टीचा. ही वाटणी चेताशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. बोटांच्या हालचालीचं आणि स्पर्शाचं काम मेंदूत होतं, पण ते सगळ्या बोटांचं शेजारी शेजारी लागून असलेल्या पट्ट्यांत होतं. करंगळीच्या ठशाचा आणि दृष्टिकेंद्राचा संबंध हा शुद्ध बादरायण संबंध आहे.

आता आकडे. सूत्र विक्रेते उघड करत नाहीत, पण अहवालातल्या क्षमतांच्या टक्क्यांची बेरीज १०० येत असेल तर ते टक्के म्हणजे एकूण रेघांमधला एकेका बोटाचा हिस्सा, एवढाच अर्थ उरतो. समजा एका मुलीच्या दहा बोटांच्या रेघांची बेरीज १४० आहे आणि अहवाल ज्या बोटाला गणिताचं मानतो त्यावर १८ रेघा आहेत. तिची गणिती क्षमता १२.९ टक्के. दुसऱ्या मुलीच्या त्याच बोटावर तितक्याच १८ रेघा, पण दोन-तीन बोटांवर कमानी असल्याने बेरीज ९०. तिची गणिती क्षमता २० टक्के. बोट तेच, रेघा तेवढ्याच, आणि क्षमता दीडपट झाली ती बाकीच्या बोटांवर रेघा कमी आहेत म्हणून. शिवाय बेरीज १०० असल्यामुळे प्रत्येक मुलाचं काहीतरी अव्वल निघतंच. पालकांना अहवाल आवडण्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण वाक्यांत आहे. ‘प्रेमाने सांगितलं तर ऐकतो, दबाव टाकला तर हट्ट करतो’, ‘आवडीच्या विषयात मन लावतो’ अशी वाक्यं कुठल्याही मुलाला लागू पडतात. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. तो किती अचूक वाटतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. ज्या सोसायटीत चार-पाच घरांनी अहवाल करून घेतलेत, तिथे हे घरीच तपासता येईल: नावं झाकून अहवाल एकत्र करा आणि प्रत्येक आईवडिलांना आपल्या मुलाचा ओळखायला सांगा.

अहवालाचं उरलेलं सामान उसनं आहे. बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते ही मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली केली, तेव्हा सात प्रकार होते, नंतर निसर्गविषयक बुद्धीची भर पडली. त्या मांडणीचा आधार बोटांचे ठसे हा नाही. डाव्या आणि उजव्या मेंदूचे टक्के रॉजर स्पेरी यांच्या नावावर खपवले जातात. स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते अपस्मारावरचा उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला सेतू कापला होता अशा रुग्णांवरच्या संशोधनासाठी. सेतू शाबूत असलेल्या माणसाचे दोन्ही भाग सतत एकमेकांशी बोलत काम करतात. ‘तुमचं मूल पाहून शिकणारं की ऐकून शिकणारं’ याबद्दल हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीरपणे घेतलेली आहे. छापील अहवालात स्वभावाला गरुड, मोर, कबूतर, घुबड अशी पक्ष्यांची नावं असतात, त्यावर वेगळं लिहिण्याची गरज नाही.

ठशांचं शास्त्र खरं आहे, हा दावा खोटा आहे

इथे गल्लत होते, म्हणून थोडं थांबू. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द हॅरोल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी १९२६ साली रूढ केला आणि ती अभ्यासाची खरीखुरी शाखा आहे. गर्भाच्या साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात बोटांवरच्या रेघा तयार होऊ लागतात आणि पाचवा महिना लागेपर्यंत आराखडा पक्का होतो. डाऊन सिंड्रोममध्ये तळहातावर एकच आडवी रेघ असणं, एटीडी कोन मोठा असणं जास्त आढळतं. पण तिथे एक अख्खं गुणसूत्र जास्तीचं असतं, ते सगळ्या शरीराच्या घडणीवर परिणाम करतं, आणि निदान गुणसूत्रांच्या तपासणीनेच होतं. त्यावरून उडी मारून ठणठणीत मुलाला ‘इंजिनीअरिंग नको, कॉमर्स घ्या’ सांगता येत नाही. त्वचा आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच थरातून बनतात हे विक्रेत्याचं वाक्यही खरं आहे. केस, नखं आणि दातांवरचं कवचही त्याच थरातून बनतं. त्यावरून बुद्धी कोणी मोजत नाही.

बोटांच्या एकूण रेघांची संख्या कमालीची आनुवंशिक असते, फरकांतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा अनुवंशाचा. म्हणजे मुलाच्या बोटांवर आईवडिलांची छाप खरोखर आहे. पण एखादी गोष्ट आनुवंशिक आहे म्हणून ती मनाबद्दल काही सांगते, असं होत नाही. याची कबुली सगळ्यात आधी ज्याने दिली तो माणूस साधा नव्हता. फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नातेवाईक. बुद्धी वंशपरंपरेने येते या मताचा तो सर्वांत मोठा प्रचारक, १८८३ साली ‘युजेनिक्स’ (निवडक वंशवाढीने माणूस ‘सुधारण्याची’ कल्पना) हा शब्द घडवणारा, आणि १८९२ साली बोटांच्या ठशांचं वर्गीकरण मांडणाराही तोच. ठशांवरून वंश आणि स्वभाव ओळखता येतील अशी त्याला मोठी आशा होती. ती फोल ठरली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं. ज्याला ते सापडायला हवं होतं, ज्याच्याकडे ठशांचा मोठा साठा होता, त्याला १८९२ मध्ये जे मिळालं नाही, ते आज स्टॉलवर विकलं जातंय.

‘जन्मजात’ म्हणजे काय?

विक्रेत्याचा हुकमी शब्द ‘जन्मजात’. पालकांच्या मनातही तो घर करून असतोच: ‘आमच्याकडे गणित कोणालाच जमलं नाही’, ‘त्यांच्या रक्तातच आहे’. म्हणून अनुवंश आणि परिस्थितीच्या वादात आज काय पक्कं आहे, ते नीट समजून घ्यायला हवं.

बुद्ध्यांकाच्या (आयक्यूच्या) फरकांत अनुवंशाचा वाटा आहे. हे नाकारणं म्हणजे डोळेझाक. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांची दिलेली आकडेवारी १९७४ मध्ये लिऑन कॅमिन यांनी तपासली, तेव्हा जुळ्यांची संख्या वाढत गेली तरी सहसंबंध (जुळ्यांचे बुद्ध्यांक एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.७७१ वरच अडकलेला दिसला, आणि ती आकडेवारी विश्वासातून उतरली. पण बर्ट बाजूला ठेवले तरी पुरावा उरतोच. मिनेसोटातल्या जुळ्यांच्या १९९० मधल्या अभ्यासात अनुवंशाचा वाटा सुमारे ७० टक्के आला. चार देशांतल्या सुमारे ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांवरच्या २०१० मधल्या अभ्यासात तो नवव्या वर्षी ४१, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ टक्के निघाला.

आता हे ६६ टक्के कशाचे? एका मुलाच्या बुद्धीचे ६६ भाग जनुकांचे आणि ३४ भाग घरचे, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या गटात, त्या परिस्थितीत, मुलामुलांमध्ये जे फरक दिसले त्यांतला किती हिस्सा जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. डॉगरिज खुंटावर एकाच थॉमसन द्राक्षाच्या काड्या भरलेली बाग असेल तर सगळ्या वेलींचा वाण एकच, तरीही ओळीच्या टोकाची झाडं मागे पडतात, कारण तिथे ड्रिपला दाब नाही किंवा जमीन चोपण आहे. तिथला सगळा फरक परिस्थितीचा. उलट एकाच सपाट, सारखं पाणी मिळणाऱ्या शेतात वेगवेगळे वाण लावले तर जवळजवळ सगळा फरक वाणाचा. आणि चांगल्या जमिनीतल्या मिश्र बागेची खारवट जमिनीतल्या मिश्र बागेशी तुलना केली, तर प्रत्येक बागेच्या आतला फरक वाणाचा असूनही दोन बागांमधला फरक जमिनीचा असतो. नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडवरच्या शाळेतली मुलं आणि आदिवासी सुरगाण्यातल्या आश्रमशाळेतली मुलं यांच्या सरासरीत फरक दिसला, तर तो अनुवंशाने पडला असा निष्कर्ष जुळ्यांच्या कोणत्याही अभ्यासातून निघत नाही. हीच चूक शिकलेली माणसंही करतात, आणि ती सगळ्यात महाग पडते.

गरिबीत अनुवंशाचा वाटा कसा आक्रसतो याचा गाजलेला दाखला एरिक टर्कहायमर यांच्या २००३ मधल्या अमेरिकन अभ्यासाचा. सात वर्षांच्या जुळ्यांपैकी सुखवस्तू घरांत अनुवंशाचा वाटा सुमारे ७० टक्के, अगदी गरीब घरांत १० टक्क्यांच्या आसपास. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हा परिणाम अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. जिथे दवाखाना, शाळा आणि पोटाला अन्न सर्वांना बऱ्यापैकी मिळतं, तिथे गरिबी मुलाला तितकी दाबत नाही, हा त्याचा सर्वांत पटणारा अर्थ. आपली परिस्थिती कोणाच्या जवळची, हे सांगायला नको.

फ्रान्समधला मिशेल द्यूम यांचा १९९९ मधला अभ्यास तर पालकांनी लक्षात ठेवावा असा. हेळसांड झालेली, कमी बुद्ध्यांकाची मुलं चौथ्या ते सहाव्या वर्षी दत्तक गेली. किशोरवयात पुन्हा तपासलं तेव्हा कष्टकरी घरांत गेलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे ८ गुणांनी आणि सुस्थित घरांत गेलेल्यांचा १९ गुणांच्या आसपास वाढलेला होता. जनुकं तीच, घर बदललं. आणि अनेक देशांत विसाव्या शतकात दर दशकाला सरासरी सुमारे ३ गुणांनी बुद्ध्यांक चढत गेला, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवलं. दोन पिढ्यांत जनुकं इतकी बदलत नसतात.

आनुवंशिक म्हणजे दगडावरची रेघ, हेही खरं नाही. फिनाइलकिटोन्यूरिया हा आजार पूर्णपणे जनुकीय आहे, उपचार न केल्यास बौद्धिक अक्षमता येते. जन्मानंतर लगेच ओळखून आहार बदलला तर मूल शिकतं, वाढतं.

आणि जनुकं थेट वाचून काय कळतं? २०२२ मध्ये सुमारे ३० लाख लोकांच्या डीएनएवरून तयार केलेला गुणांक शिक्षणाच्या वर्षांमधल्या फरकांपैकी १२ ते १६ टक्के सांगू शकला, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. एकाच घरातल्या भावंडांत तुलना केली की त्याची ताकद निम्म्यावर येते, कारण त्यात घरच्या परिस्थितीचीही सरमिसळ असते. खुद्द डीएनए जिथे एवढंच बोलतो, तिथे करंगळीच्या रेघा करिअर सांगतील, हा दावा ऐकूनही घेऊ नये.

आपल्याकडच्या दोन अभ्यासांवाचून हा विषय पुरा होत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात न उच्चारता दिले तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांचे सुटलेले भूलभुलैये सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. कोडी तीच, वय तेच. दुसरा अभ्यास तमिळनाडूतल्या ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा, २०१३ मधला. त्याच शेतकऱ्यांनी आकृत्यांच्या चाचणीत ऊस तुटून हातात पैसे आल्यावर जास्त गुण मिळवले, आणि तोडणीआधीच्या ओढगस्तीच्या दिवसांत कमी.

ज्या शहरात काळाराम मंदिराचा दरवाजा उघडावा म्हणून १९३० साली सत्याग्रह करावा लागला, ज्या जिल्ह्यात येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिथे मुलांवर ‘जन्मजात’ असा शिक्का छापून देणारा कागद निरुपद्रवी नसतो. सुखवस्तू घरातल्या मुलाचा अहवाल वाईट आला तर आईवडील दुसरा क्लास लावतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलीचा वाईट आला तर तिचं शिक्षण थांबवायला एक ‘शास्त्रीय’ कारण मिळतं. या सेवेबद्दल आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, शुल्काची नंतर.

खरी बुद्धिमापन चाचणी कशी असते

ज्यांना मुलाबद्दल खरी शंका आहे (बोलणं उशिरा, वाचन जमत नाही, वर्गात सतत मागे), त्यांच्यासाठी प्रमाणित चाचण्या आहेत. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली चाचणी बनवली ती कोणत्या मुलाला वर्गात जास्त मदत लागेल हे शोधायला. बुद्धी कायमची ठरलेली असते या समजुतीला बिने यांचा विरोध होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी १९३० च्या दशकात बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. नागपूरच्या आर्थर मॅलिन यांची एमआयएसआयसी (मॅलिन्स इंटेलिजन्स स्केल फॉर इंडियन चिल्ड्रन) ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, अकरा उपचाचण्यांची: सामान्य माहिती, शब्दसंग्रह, अंकमालिका, ठोकळ्यांची रचना, चित्र पूर्ण करणं वगैरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या चाचणीची भारतीय आवृत्तीही मिळते. वाचन-लेखनाची अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेसाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमालिका (निमहान्स बॅटरी) वेगळी असते; नुसता बुद्ध्यांक काढून भागत नाही.

करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हे आधी विचारा आणि नोंदणी क्रमांक अहवालावर मागा. समोरासमोर, शांत खोलीत, तासाभराहून जास्त वेळ लागतो. मुलाचं वय वर्ष-महिना-दिवसांत काढलं जातं, कारण त्यावरच तुलना ठरते. बिने-कामतमध्ये मानसिक वय (ज्या वयाच्या मुलांइतकी उत्तरं जमली ते वय) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००: आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा आलं तर ७५. वेक्सलर पद्धतीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) १५ धरतात. चांगल्या अहवालात एकच आकडा नसतो, त्याभोवतीची मर्यादा दिलेली असते. ९२ आला म्हणजे खरा आकडा साधारण ८७ ते ९७ मध्ये, असं वाचायचं. ७० च्या खाली आला तरी रोजचे व्यवहार मूल कसं करतं याचं मापन (बहुधा व्हाइनलँड श्रेणी) केल्याशिवाय बौद्धिक अक्षमता ठरत नाही.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवं, कारण खरी चाचणीसुद्धा डोळे झाकून मानायची नसते. मूल उपाशी, आजारी किंवा चष्मा घरी विसरून आलेलं. परीक्षकाने घाईत निम्म्याच उपचाचण्या घेतलेल्या. सहा महिन्यांत तीच चाचणी पुन्हा घेतल्याने सरावाने वाढलेले गुण. जुने निकष: फ्लिन यांनी दाखवलेली पिढीगणिक वाढ लक्षात घेता जुन्या निकषांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा वरचं दिसतं, आणि ज्याला मदत हवी ते सुटून जातं. आणि भाषा. पेठ-सुरगाण्याच्या कोकणा आदिवासी घरातलं किंवा मालेगाव-बागलाणच्या अहिराणी घरातलं मूल प्रमाण मराठीत शब्दसंग्रहाच्या प्रश्नाला अडखळलं, तर तो त्याच्या बुद्धीचा निकाल नव्हे. अशा वेळी भाषेवर न बेतलेल्या चाचण्या, उदाहरणार्थ रेव्हनच्या आकृत्या, सोबत घ्यायला सांगा. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेतली ‘बुद्धिमत्ता चाचणी’ ही वेगळीच गोष्ट आहे. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातल्या आकृत्या सरावाने जमतात. त्या पेपरात ज्याला सराव मिळाला तो पुढे, एवढंच ती बऱ्याचदा दाखवते.

खाजगी मूल्यमापनालाही काही हजार लागतात, म्हणून गरज असेल तरच करा. परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून पुढे पाठवणारी चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ० ते १८ वयाच्या मुलांसाठी ही सेवा मोफत आहे.

तेच पैसे कुठे लावाल

सगळ्यात आधी कान आणि डोळे. पुसट ऐकू येणारं मूल वर्गात ‘मठ्ठ’ ठरतं. मग रक्त: पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय आहे, आणि त्याने लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (पाच ते नऊ वयाला गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोह, दहाच्या पुढे निळी, ६० मिलिग्रॅम) मुलं दप्तरात ठेवून विसरतात, ती जेवणानंतर घेतली का ते बघा. जंताची गोळी चुकवू नका. मीठ आयोडीनयुक्तच, घरात येईल तेव्हा त्यात आयोडीन किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग), बंद बरणीत, शेगडीच्या वाफेपासून दूर. खडे मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून आणणाऱ्यांनी, विशेषतः गरोदर बाई घरात असेल तर, पिशवीवर आयोडीनचा उल्लेख पाहावा. गर्भातली आयोडीनची कमतरता मेंदूला कायमची भोवते. नवजात बाळाची थायरॉईडची तपासणी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत करून घ्या. जन्मजात थायरॉईड कमी असेल आणि औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर बौद्धिक अक्षमता टळते. तपासणी डीएमआयटीच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहे आणि ती खरंच बाळाचं जन्मजात काहीतरी सांगते.

लहान मुलांशी बोलणं आणि खेळणं याची ताकद जमैकात मोजली गेली. खुरटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून तासभर जायच्या आणि आईला घरगुती वस्तूंनी खेळायला, नावं सांगायला शिकवायच्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तुलनेतल्या गटापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती.

ठसे देऊन झाले असतील तर

बुद्धीचा अहवाल रद्दीत टाकता येतो, ठसे परत घेता येत नाहीत. मूल पाच आणि पंधरा वर्षांचं झालं की आधारमध्ये त्याचे बोटांचे ठसे नोंदवावे लागतात, आणि पुढे हेच ठसे बँकेच्या व्यवहाराला चालतात. पासवर्ड बदलता येतो, बोटं नाही. दहाही बोटांचे स्पष्ट स्कॅन एखाद्या स्टॉलवरच्या लॅपटॉपमध्ये पडून असणं ही डीएमआयटीची सगळ्यात दुर्लक्षित किंमत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क, या दोन्हींची तरतूद आहे. सेवा देणाऱ्याला लेखी अर्ज द्या: स्कॅन कुठे साठवले, कोणाला पाठवले, कधी पुसणार, हे तीन प्रश्न आणि पोच घ्या. शाळेने संमतीपत्र न घेता शिबिर लावलं असेल तर अर्जाची प्रत मुख्याध्यापकांनाही द्या. अहवालात करिअरची ‘हमी’ असेल तर पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आणि मुलाच्या आधारची नोंदणी झालेली असेल तर आधारच्या अ‍ॅपमधून त्याचे बायोमेट्रिक लॉक करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, गरज पडेल तेव्हा उघडता येतं.